गुरूने धुतलेले पाय

लाटंबार्से हे गोव्यातल्या डिचोली तालुक्याच्या कडेचे गाव. पलीकडे दोडामार्ग, म्हणजे महाराष्ट्र. हा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती आला तो 18व्या शतकाच्या उत्तरार्धात, ‘नव्या काबिजादी’त, म्हणजे नंतर जिंकलेल्या प्रदेशांत. सासष्टी-बार्देशात पूर्वी झाले तसे धर्मांतर इथे झाले नाही. त्यामुळे आमच्या भागात बायबल वाचणारी घरे थोडी. गुरूचे पाय मात्र सगळ्यांच्या ओळखीचे. गुरुपौर्णिमेला शिष्याने ते धुवायचे आणि ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचे. म्हणूनच योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय मराठी माणसाने एकदा तरी सावकाश वाचावा. तिथे पाय शिष्यांचे आहेत आणि कमरेला पंचा गुंडाळून वाकला आहे तो गुरू, येशू.

‘गुरू’ आणि ‘शिष्य’ हे शब्द इथल्या ख्रिस्ती वाङ्‌मयात फार जुने आहेत. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापले गेले, मराठीत आणि ओवीत. जुनी पुराणे बंद झालेल्या नवख्रिस्ती लोकांना त्याने त्यांच्याच छंदात पुराण दिले. त्यात कथा सांगणारा ‘पाद्री गुरू’ आहे आणि शंका विचारणारे श्रोते आहेत. पण शब्द एकटा येत नाही. ‘गुरू’ म्हटले की आसन आले, अंतर आले, चरणतीर्थ आले. ती सारी मांडणी मनात असलेल्या वाचकालाच पाय धुण्याचा हा प्रसंग पुरता झोंबतो.

येशूच्या प्रमुख शिष्याला, पेत्राला, तो झोंबलाच. माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत, असे तो ठासून सांगतो. प्रवचनांत हा नकार पेत्राची नम्रता म्हणून सांगितला जातो. मला तसे वाटत नाही. गुरू खाली बसला तर गुरूच्या लगेच खालची जागा कुठे राहील? उतरंडीतली वरची जागा टिकवण्याची सर्वांत जास्त काळजी दुसऱ्या क्रमांकावरच्याला असते. त्याच रात्री शिष्यांमध्ये थोर कोण यावरून वाद झाल्याचे लूक सांगतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 23व्या अध्यायात येशू शिष्यांना गुरू म्हणवून घ्यायला मनाई करतो, कारण ते सारे परस्परांचे भाऊ आहेत. योहानाकडे मात्र तो स्वतःचे गुरुपद नाकारत नाही. तुम्ही मला गुरू म्हणता ते योग्यच आहे, असे तो म्हणतो, आणि त्याच अधिकाराने शिष्यांना एकमेकांचे पाय धुवायला सांगतो. दोन्ही उतारे एकत्र वाचले की अर्थ उलगडतो. ज्ञानाचा अधिकार राहतो, मानाचा जातो. नम्रतेची आज्ञा इथे वर बसलेल्याला आहे. आपण ती पिढ्यान्‌पिढ्या खाली बसलेल्यालाच ऐकवत आलो.

गोव्यातल्या चर्चनेही तेच केले. बामण, चारदो, सुदीर हे जातिभेद बाप्तिस्म्यानंतरही उरले आणि अनेक गावांत कोफ्रादी, म्हणजे चर्चमधली बंधुमंडळे, जातीप्रमाणे वेगळी राहिली. या प्रसंगाच्या स्मरणार्थ पवित्र गुरुवारी ज्यांचे पाय धुतले जात ते बारा जण पुरुषच असत. स्त्रियांना त्यात जागा देणारा बदल रोमहून आला तो 2016 साली. याउलट वारीत भेटलेले दोन वारकरी वय न पाहता, जात न विचारता एकमेकांच्या पाया पडतात. योहानाच्या या अध्यायाचा मला माहीत असलेला सर्वांत जवळचा मराठी अर्थ तोच आहे, आणि तो चर्चच्या बाहेर आहे.

मग कुणाचे पाय धुवावेत? लायकी पाहून, रांग लावून? योहानाने क्रम नीट नोंदवला आहे. आधी पाणी, पंचा, पाय धुणे. मग गुरू पुन्हा जेवायला बसतो. त्याला दगा देणारा शिष्य यहूदा त्यानंतर उठतो आणि रात्रीच्या काळोखात बाहेर पडतो. तोवर त्याचेही पाय धुऊन झाले होते.