पडलेल्याला आधी विहारात आणा



दर रविवारी विहारात आपण त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो. माझा थोरला भाऊ माझ्या शेजारी हात जोडून बसत असे. चार शीले तो खणखणीत आवाजात घेई. पाचव्याला त्याचे ओठ मिटत, कारण ते मद्यापासून अलिप्त राहण्याचे शील. मी शाळामास्तर, घरातला पहिला पदवीधर. परतताना मी त्याला परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील सतरावी ऐकवीत असे. एकदा तर म्हणालो, "दादा, प्यायचीच असेल तर विहाराची पायरी चढू नकोस." दादाने माझे ऐकले. तो विहारात यायचा थांबला. पिणे मात्र थांबले नाही.

मला वाटले, मी धम्माचे रक्षण केले. वास्तविक मी एका माणसाला धम्माच्या दाराबाहेर लोटले होते.

विनयपिटकात सागत भिक्खूची कथा आहे. त्याने एका भयंकर नागाला वश केले म्हणून त्याची कीर्ती झाली. त्यातील चमत्कार बाजूला ठेवू. माणूस समर्थ होता, एवढेच घेऊ. कौशांबीच्या उपासकांनी घरोघरी त्याला मद्य पाजले आणि नगराच्या वेशीत तो कोसळला. तथागत त्याच वाटेने आले. त्यांनी त्याला तिथेच टाकून दिले काय? नाही. भिक्खूंकरवी उचलवून त्याला विहारात आणले आणि मग मद्यपान वर्ज्य करणारा नियम घालून दिला. आधी माणूस उचलला, मग नियम सांगितला. आम्ही नेमके उलटे करतो.

दुसरी गोष्ट. भिक्खुसंघ दर पंधरवड्याला उपोसथासाठी जमे आणि ज्याच्या हातून दोष घडला असेल तो आपल्या सोबत्यांपुढे ते कबूल करी. एकट्याने सुधारणे किती कठीण, हे तथागतांनी ओळखले होते. कल्याणमित्र लाभणे म्हणजे श्रेष्ठ जीवनाचा अर्धा भाग, असे आनंद म्हणाला, तेव्हा अर्धा नव्हे, तेच संपूर्ण जीवन होय, असे त्यांनी त्याला समजावले.

याच मार्गाने चालणारे गट आज आपल्या आसपास आहेत. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने पोखरलेले, एकमेकांना सावरू लागले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' उभी राहिली. तेथे फी नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. माणूस फक्त आपले पहिले नाव सांगतो. आडनावावरून जात हुडकणाऱ्या आपल्या देशात ही केवढी मोकळीक आहे, ते तुम्हांआम्हांलाच कळेल!

दादाला ही वाट सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी दाखविली. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू तोडू नये. झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून प्रथम डॉक्टर, मग गट. जवळचा गट ठाऊक नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा, किंवा १४४४६ या शासकीय मोफत क्रमांकावर फोन करा.

पहिल्या सभेहून दादा हिरमुसून आला. "तिथे ईश्वराचे नाव घेतात रे. मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस!" ही शंका रास्त आहे आणि आपल्यातील अनेकांना ती अडवील. परंतु ज्याला ईश्वर मान्य नाही, त्याने त्या गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानावे, अशी मुभा त्यांच्याच पुस्तकांत आहे. आपण संघाला शरण जातो, ते आणखी काय आहे? दादा प्रार्थनेच्या वेळी गप्प बसतो आणि बोलायची पाळी आली की खरे बोलतो.

घरच्या माणसांनाही आधार हवा. १९५१ साली सुरू झालेली 'अल्-अनॉन' ही संघटना पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठीच आहे. १९८६ साली पुण्यात स्थापन झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. नवरा पितो हा बाईचा दोष नव्हे, हे तिला कुणीतरी सांगितले पाहिजे. माझ्या वहिनीला ते आम्ही घरच्यांनी कधी सांगितले नव्हते.

दादाला आता दोन वर्षे होतील. मध्ये एकदा तो घसरला. त्या रात्री माझ्या जिभेवर सतरावी प्रतिज्ञा आली होती. मी ती गिळली आणि दुसऱ्या सायंकाळी त्याच्याबरोबर सभेच्या दारापर्यंत चालत गेलो. "आजचा दिवस पिणार नाही," एवढेच तो रोज सकाळी म्हणतो. गेल्या बुद्ध पौर्णिमेला त्याने पाचवे शील घेतले. आवाज खणखणीत नव्हता, पण ओठ मिटले नाहीत.

बंधू-भगिनींनो, शील हे पडलेल्याला मारण्याची काठी नव्हे, उठताना धरण्याची काठी आहे. आपल्या विहाराच्या फळ्यावर जवळच्या गटाचा वार, वेळ आणि पत्ता लिहा. गट नसेल तर आठवड्यातील एक सायंकाळ विहाराची खोली अशा सभेसाठी मोकळी करा. आणि ज्याचे ओठ पाचव्या शीलाला मिटतात, त्याच्या शेजारची जागा सोडू नका.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!