न शमणारी शंका

"मी खरोखर आहें काय? हें जग स्वप्न तर नव्हे?" असे प्रश्न विचारी मनुष्यास पडतात, त्यांत दोष नाहीं. परंतु कित्येकांस उत्तर मिळालें तरी घटकाभरांत तोच प्रश्न पुन्हां उभा राहतो. पेरणी खोळंबते, झोंप उडते. ही जिज्ञासा नव्हे, मंत्रचळ आहे. हात धुऊनही ते मळकेच वाटावे, तसेंच हें.

'यात्रिकक्रमण' ग्रंथाचा मूळ कर्ता जॉन बनियन यानें १६६६ सालीं आपलें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें. देव खरोखर आहे काय, शास्त्र ही रचलेली कथा तर नव्हे, अशा शंकांनीं आपणांस कसें छळिलें, हें त्यानें त्यांत लिहिलें आहे. त्याची व्याधि कोणती होती हें आज ठरविणें कठीण. पण असा छळ अविश्वासूंसच होतो असें म्हणणारांनीं त्याजकडे पाहावें.

मग पीडितास काय सांगावें? आमचें मत असें कीं, रोज नवें प्रमाण देऊं नये. वारंवार दिलेला दिलासा आगींत तेल होतो. लंडन येथील व्हिक्टर मेयर यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या उपचारांतून वाढलेली रीत आज वैद्य शिकवितात: शंका येऊं द्यावी, आणि तिला उत्तर न देतां, "असेल, नसेल" म्हणून हातचें काम चालवावें. अस्वस्थता हळूहळू ओसरते. औषधांचाही गुण येतो. सरकारी 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

उपदेशकबंधूंनो, अशास दोष न देतां वैद्याकडे पोंचवा. आणि शंका उरली असतांही जो शेतावर जातो, त्याचें धैर्य लहान समजूं नका.