आस्वाद, उपभोग आणि पंगत

नाट्यरस समजावताना भरताने अन्नास्वादाचा दृष्टान्त दिला. कान्टने १७९० मध्ये मात्र जिभेचे सुख ‘सुंदरा’पासून वेगळे काढले. सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात २०१६ साली कोरी ली यांनी सुरू केलेल्या, आता बंद असलेल्या ‘इन सिटू’ या उपाहारगृहाने हा भेद पुसू पाहिला. अन्य पाकतज्ज्ञांचे पदार्थ तेथे कर्त्याच्या नावासह मांडले जात. कर्तृत्वाची ही कबुली न्याय्यच. परंतु चित्र एकाने पाहिल्याने दुसऱ्यासाठी संपत नाही. घास संपतो, आणि तो किंमत मोजणाऱ्याचाच असतो. रसाला तर ‘माझे-तुझे’ ओलांडणारे साधारणीकरण लागते. रिर्क्रित तिरावनिजा यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या कलादालनात थाई रस्सा विनामूल्य वाढला, तेव्हा पंगत हीच कलाकृती झाली. संग्रहालयातील ताटापुढचा प्रश्न म्हणूनच केवळ चवीचा नाही. पंगतीला कोण बसू शकतो, याचा आहे.