ओसरत्या पाण्याचं सुख

मांजरा धरण भरलं की मी थोडा खट्टू होतो. लातूरमध्ये राहून हे उघड बोलणं म्हणजे शिव्या खाणं, आणि त्या रास्तच ठरतील.

धनेगावला धरणाचं पाणी फुगलेलं असतं तेव्हा ब्राह्मणी घारी लांब कुठंतरी फिरतात. फेब्रुवारीनंतर पाणी मागं सरतं, गाळ उघडा पडतो, डबक्यांत चिलापी अडकते आणि काठच्या झाडावरच्या घरट्याकडे नर-मादीच्या खेपा वाढतात. दुर्बिणीतून सगळं दिसतं. पांढरं डोकं, पांढरी छाती, विटकरी पाठ. काटक्यांत खोचलेली कुठलीशी चिंधी. मासा पायाखाली दाबून घार त्याचे बारीक तुकडे तोडते. थोरलं पिल्लू आधी पुढं घुसतं. धाकटं मान खाली घालून मागंच राहतं. थोरल्याचा गळा टम्म फुगला की मग धाकट्याची पाळी. हे बघत मी तासन्‌तास बसू शकतो. नांदेडचा मित्र विष्णुपुरीच्या बॅकवॉटरला जातो, तोही फोनवर हेच सांगतो, ‘पाणी उतरू दे, मग ये.’

कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर तलावाकाठी टकल्या गरुडाच्या घरट्यावर कॅमेरा लावलाय, तोही मी बघत असतो. 2025 च्या मार्चमध्ये तिथल्या तीन पिल्लांपैकी एक बर्फाच्या वादळात गेलं, तेव्हा माझे डोळे भरून आले. खोटं नव्हतं ते. पण मग 2016 आठवलं. मांजरा कोरडं पडलं होतं, शहरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावली होती आणि 12 एप्रिलला मिरजेहून 10 वाघिणींत 5 लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. टँकरच्या रांगेत मीही घागर घेऊन उभा होतो, सगळ्यांसारखा वैतागलेला. आणि सुट्टीच्या दिवशी उरल्यासुरल्या डबक्यांवर कॅमेरा रोखून बसलो होतो, कारण पाखरं इतकी जवळ पुन्हा मिळणार नव्हती. माझे सगळ्यात चांगले फोटो त्या उन्हाळ्यातले आहेत. दाखवताना मी साल सांगत नाही.

पाणी काही मी आटवलं नाही, मी नुसता बघ्या, असं स्वतःला समजावून पाहिलं. पण मांजराच्या खोऱ्यात आमच्याही वावरात ऊस उभा आहे. मोटार भाऊ चालू करतो, कारखान्याची उचल दोघं वाटून घेतो. भावाला माझ्या घारींचं कौतुक नाही. त्याचं लक्ष विहिरीच्या तळाकडं असतं. त्याची काळजी निदान सरळ आहे. माझ्यात दोन माणसं बसलीत, एक आभाळाकडं डोळे लावून, दुसरा गाळाकडं. आणि दुसऱ्याला मी पक्षिप्रेमी म्हणवून मिरवतो.

घारीची पिल्लं साधारण दोन महिन्यांत उडायला लागतात. पाऊस वेळेवर यावा असं मला मनापासून वाटतं. फक्त मार्चमध्ये अवकाळी ढग दिसले की आधी पिकाची आठवण येत नाही, घरट्याची येते.