यादीतले नाव

सत्तरी ओलांडलेल्या विश्वासणाऱ्याने सरकारी आरोग्य विम्यात आपले नाव नोंदवावे काय? वरवर पाहता हा केवळ कागदपत्रांचा प्रश्न वाटतो. परंतु इंदूर येथील एका निवृत्त पाळकसाहेबांनी माझ्यापुढे तो विश्वासाचा प्रश्न करून ठेवला.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, प्रवेश मिळू लागला. घरातील अशा सर्व ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळते. हप्ता नाही, आणि जुना आजारही आड येत नाही. साठीला निवृत्त होणाऱ्यास मधली दहा वर्षे स्वतःच निभावून न्यावी लागतात, ही उणीव आहेच. पाळकसाहेबांचे वय मात्र ७३ होते.

“ज्याला चिमण्यांची घरटी ठाऊक आहेत, त्याला माझा पत्ता ठाऊक आहे. त्याला आधार क्रमांक लागत नाही,” ते म्हणाले.

मला ग्रीक भाषा त्यांनीच शिकवली होती. म्हणून मी ग्रीक घेऊनच त्यांच्यापुढे गेलो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू ज्या चिंतेची मनाई करतो तिचे क्रियापद ‘मेरिम्नाओ’. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात, अवयवांनी एकमेकांसाठी जे करावे असे पौल सांगतो, तेथेही हेच क्रियापद आहे. मराठीत आपण एके ठिकाणी ‘चिंता’ व दुसरीकडे ‘काळजी’ म्हणतो, त्यामुळे वाचकाला हे नाते दिसत नाही. (अनुवादकाची ही जुनी व्यथा.) शिवाय तीमथ्याच्या पहिल्या पत्रात साठ वर्षांहून कमी वयाच्या विधवेचे नाव यादीत घेऊ नये असे सांगितले आहे. म्हणजे यादी होती, वयाची अट होती, आणि नाव नोंदवणाऱ्या विधवेला कोणी अल्पविश्वासी म्हटले नाही.

“ती यादी मंडळीची होती, कैसराची नव्हे,” पाळकसाहेब हसून म्हणाले. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही.

२०२५ च्या पावसाळ्यात एका रात्री त्यांचा अंतर्गळ अडकला. जवळच्या खाजगी रुग्णालयात तातडीने शस्त्रक्रिया झाली. ते रुग्णालय योजनेत नव्हते; कार्ड हाताशी असते तर आम्ही मुळातच दुसरीकडे गेलो असतो. बिल मंडळीने वर्गणी काढून भरले. घरी परतल्यावर त्यांनी देणगीदारांची यादी मागितली व चष्मा लावून एकेक नाव वाचले. चार घरी स्वयंपाक करणाऱ्या एका विधवा भगिनीच्या नावापुढे २,००० रुपये होते.

“तिने हे कोठून आणले?”

मला सांगावे लागले. नातवाच्या फीसाठी लावलेली भिशी तिने आधीच उचलली होती.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “विधवेच्या दोन टोल्यांवर मी किती उपदेश केले असतील! पण मार्काने त्याच्या अगदी आधी काय लिहिले आहे, ते मी कधी वाचून दाखवले नाही.” तेथे विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी लिहिले आहे.

मी त्यांना तसे म्हणालो नसतो. त्यांचा विश्वास खरा होता; परंतु देवावर टाकलेला भार वाटेत तिच्या खांद्यावर उतरला होता. कैसराच्या तिजोरीबद्दलचे उत्तरही मला तेव्हा सुचले. ती भगिनी साबणाची वडी घेते तेव्हाही कर भरते. योजनेच्या पैशात तिचा वाटा आहेच, फक्त तेथे तो सर्वांच्या वाट्यांत मिसळून येतो, नातवाच्या फीतून नव्हे. ज्यांची मुले सुस्थितीत आहेत त्यांनी या तिजोरीतून घ्यावे की नाही, याविषयी माझे मन अजून स्थिर नाही. पत्राचा तोच अध्याय आप्तांना आपल्या विधवांचा भार स्वतः उचलण्यास सांगतो, तो मंडळीवर पडू नये म्हणून. पाळकसाहेबांना अपत्य नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही नोंदणी केंद्रावर गेलो. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राने दोनदा नाकारले. मग तेथील मुलाने चेहऱ्याचे छायाचित्र चालेल असे सांगितले. पाळकसाहेबांनी खिशातून कंगवा काढला.