सवयीचे व्याकरण

माणसाची ओळख करून देताना आपण बहुधा त्याच्या सवयीचीच ओळख करून देत असतो. अमका तापट, तमकी विसराळू, शेजारचे अण्णा चिकट. एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला माणूस कळल्यासारखा वाटतो. मराठीत या कामासाठी शब्दांची वाण नाही. लाजरा, बुजरा, रडका, चिडका, चुगलखोर, भांडकुदळ! शब्द तोंडातून गेला की निकाल लागला, आणि या निकालावर अपील नसते. सवय कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो, हा प्रश्न शिक्षकाला वरचेवर पडतो. मला त्याचे उत्तर सापडलेले नाही. पण तो प्रश्न जरा नीट मांडता येऊ लागला तो, सांगितले तर हसाल, जपानी व्याकरणामुळे.

माझी भाची पुण्याला राहून जपानीच्या परीक्षा देते. सुटीत आली की तिच्या वह्या आमच्या ओसरीवर पसरतात, आणि दुसऱ्याची वही दिसली की ती तपासायला घेणे ही मास्तरांची खोड. तपासता येईना, म्हणून वाचू लागलो, आणि मग वाचतच राहिलो.

जपानीत ‘विसरणे’ या क्रियेच्या मागे ‘गाची’ हा प्रत्यय लावून ‘वासुरेगाची’ असा शब्द होतो. विसरणे वारंवार घडते, एवढाच त्याचा अर्थ. याच क्रियेला ‘प्पोई’ लावले की ‘वासुरेप्पोई’ होते, आणि तो मात्र विसराळू माणूस. पहिला शब्द प्रसंग मोजतो, दुसरा स्वभाव सांगतो. ‘प्पोई’ मोठा नामी प्रत्यय आहे. पाण्याला लावला की आपले ‘पाणचट’ होते, मुलाला लावला की ‘पोरकट’. आपल्या ‘चट’ आणि ‘कट’ यांचा हा लांबचा भाऊच म्हणायचा. पण मला अधिक विचार करायला लावले ते ‘गाची’ने. त्याच्या मुळाशी ‘जिंकणे, वरचढ होणे’ असा अर्थ आहे. म्हणजे ‘वासुरेगाची’ माणसाच्या ठिकाणी विसरणे जिंकते! जिंकते म्हटले की झुंज आली, आणि झुंज आली म्हणजे समोर कोणीतरी उभा असलाच पाहिजे. तो वरचेवर हरत असेल. पण तो आहे. ‘विसराळू’ म्हटले की तो नाहीसाच होतो.

हे नुसते शब्दांचे खेळ नव्हेत. काही वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलाची आई माझ्याकडे आली. मुलाच्या आदल्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकात शेरा होता, “खोटे बोलतो.” बाई म्हणाल्या, “गुरुजी, तो खोटं बोलतो हे खरंच आहे. मी नाही म्हणत नाही. पण ते तिथं लिहिल्यापासून त्यानं खरं बोलायचं सोडलंच. म्हणतो, लिहिलंय ना तसं!” मी त्या वर्षीचा शेरा लिहिला, “वर्षात तीनदा खोटे बोलला. एकदा आपण होऊन येऊन खरे सांगितले.” मुख्याध्यापकांनी विचारले, “हा काय शेरा झाला? हा तर हिशोब आहे.” मी म्हटले, “हिशोबच आहे. निकाल नाही.” तेव्हा ‘गाची’ मला ठाऊक नव्हते, पुढे भेटले तेव्हा जुनी ओळख निघाल्यासारखे वाटले.

अर्थात या सौम्यपणाला दुसरीही बाजू आहे आणि ती लपवणे बरे नव्हे. “माझ्याकडून उशीर होतो” असे म्हणणारा इसम उशीर ही जणू पावसासारखी वरून पडणारी वस्तू मानतो. त्यापेक्षा “मी आळशी आहे” असे म्हणणारा अधिक प्रामाणिक नव्हे काय? मला वाटते, आपल्यापुरते कठोर नाम वापरावे आणि दुसऱ्यासाठी क्रियापद. जग मात्र नेमके याच्या उलट चालते. मी चिडतो तेव्हा मला राग ‘येतो’. दुसरा चिडतो तेव्हा तो ‘चिडका’ असतो.

जपानीत वाईट सवयीला ‘कुसे’ म्हणतात. ते लिहितात त्या चित्राक्षरात आजारपणाची खूण असते. उलट चांगल्यावाईट दोन्ही सवयींना चालणारा जो भारदस्त शब्द आहे, ‘श्यूकान’, त्याच्या पहिल्या अक्षरात पंख आहेत. पाखराचे पिलू पुन्हा पुन्हा पंख मारून उडायला शिकते, असा त्याचा जुना अर्थ सांगतात. एक सवय दुखण्यासारखी जडते, दुसरी पंखासारखी फुटते. ‘कुसे’वरूनच ‘कुसे नि’ हा एक टोचरा शब्दप्रयोग निघाला आहे. “माहीत असून!”, “पोर असून!” असा. सवयीच्या शब्दातून हिणवण्याचे अव्यय निघावे, यात जपानी माणसांचे सारे घरगुती भांडण आले.

पण याच ‘कुसे’ची खरी गंमत केसांत आहे. झोपेत दबून उभे राहिलेले केस म्हणजे ‘नेगुसे’. ते सकाळी ओंजळभर पाण्याने बसतात. जन्मतः कुरळे केस म्हणजे ‘कुसेगे’. त्यांना कितीही पाणी लावा, वाळले की पुन्हा आपल्या वळणावर. दोहोंना शब्द एकच. समोरच्या पोराची खोड यांपैकी कोणती, हे पाणी लावल्याशिवाय कळत नाही, आणि आपण तर पुष्कळदा पाण्याचा तांब्या उचलण्यापूर्वीच निदान करून मोकळे होतो.

काइबारा एक्केन या जपानी पंडिताने 1710 साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, मुलांच्या संगोपनावर एक ग्रंथ लिहिला. वाईट गोष्टींची सवय लागण्यापूर्वीच शिकवायला लागा, हा त्याचा मुख्य आग्रह. तीन वर्षांच्या मुलाचा आत्मा शंभरीपर्यंत तसाच राहतो, अशी त्यांच्यात म्हणही आहे. आपली जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. त्यांची शंभरीला तरी थांबते!

आता पुढचे. “मी पहाटे उठतो” हे आपले वाक्य जपानीत जसेच्या तसे म्हणता येते. पण त्याला आणखीही वाटा आहेत. ‘यो नि शिते इरु’ म्हटले तर पहाटे उठण्याचा माझा प्रयत्न असतो. एखादे दिवशी चुकेलही. ‘कोतो नि शिते इरु’ म्हटले तर तसे मी ठरवले आहे आणि ठरवल्याप्रमाणे वागतो. आणि ‘कोतो नि नात्ते इरु’ म्हटले तर तसे ठरलेले आहे. कोणी ठरवले, ते विचारू नका. स्वतःच्या लग्नाची बातमीसुद्धा जपानी माणूस विनयाने “लग्न करायचे ठरले आहे” अशीच देतो, जणू त्याचा त्यात हातच नाही. विनय म्हणून हे गोडच आहे.

पण हाच प्रयोग घराच्या रीतीभातींत शिरला की गोड राहत नाही. “आमच्याकडे बायका मागून जेवतात.” “आमच्यात मुली इतकं शिकत नाहीत.” कर्ता कुठे आहे या वाक्यांत? भाचीने एकदा पंगत उठल्यावर मामीला विचारले, “मामी, तू नेहमी शेवटी का गं बसतेस?” ती म्हणाली, “असंच असतं आपल्यात.” भाची म्हणाली, “हे नात्ते इरु झालं. कुणी ठरवलं ते सांग.” सौभाग्यवतींनी थोडा विचार केला. “सासूबाईंनी नाही. त्या तर बस म्हणायच्या. यांनीही नाही.” मग जरा वेळाने, “ठरवलं कुणीच नाही, म्हणून तर मोडता येत नाही.” मी ताटावर बसलो होतो. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे सगळे एकदम जेवतात. भाजी संपली तर ज्याचा हात जवळ त्याने उठायचे, असे आम्ही ठरवले आहे. ‘ठरले आहे’ असे नव्हे. तरीही बहुतेक वेळा तीच आधी उठते. तिथे अजून जुने ‘गाची’ आहे.

जपान्यांची आणखी एक म्हण सांगायची राहिली. आपल्याला एकही खोड नाही म्हणणाऱ्याला सात असतात, आणि खोडकराला अठ्ठेचाळीस. माझ्या चार मला ठाऊक आहेत. उरलेल्या तीन घरात विचारल्या तर लगेच कळतील; पण ऐन दिवाळीत तो विषय कशाला काढा!