किल्ली
आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ७



आजच्या श्लोकात भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात. त्यात एक 'शौच' आहे, म्हणजे शुचिता. माउलींनी तिथे कापराची उपमा दिली आहे. कापूर आत-बाहेर सारखाच शुद्ध. वाचताना वाटलं, हे लक्षण तरी आपल्यात आहे. रोज अंघोळ, पूजा, धुतलेले कपडे. मग खिशातली किल्ली हाताला लागली.

मी राहनाळला एका गोदामात हिशेबाचं काम करतो. दिवसभर ट्रक लागतात. हमाल, ड्रायव्हर, क्लीनर, पॅकिंगची पोरं, सगळ्यांना मिळून एक संडास. आम्हा ऑफिसवाल्यांचा वेगळा, कुलूपवाला. "ते लोक घाण करतात," असं मी कितीदा म्हटलं असेल! पण तिकडे ना साबण, ना धड बादली. स्वच्छता राहणार कशी? आणि कुलूप तरी काय अडवतं? साबणाविना आलेला हात माझ्याच पेनाने चलनावर सही करतो, तेच पेन खाली ठेवून मी डबा उघडतो.

श्लोक पुन्हा वाचला. यादी सुरू होते ती अमानित्वापासून, म्हणजे मोठेपणा सोडण्यापासून. शौच सातवं. मोठेपणा न सोडता पाळलेली स्वच्छता म्हणजे नुसतं सोवळं. घाण आहे तिथेच राहते, आपण फक्त लांब सरकतो.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत, रात्री कीर्तन. कुणाला पाया पडू देत नसत. ज्यांना पंढरपुरात कुणी उतरू देत नव्हतं, त्यांच्यासाठी त्यांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. बाबांच्या स्वच्छतेने माणसं आत घेतली. माझ्या स्वच्छतेने ती बाहेर ठेवली.

काल साबण आणि बादली आणली, किल्ली सगळ्यांना दिसेल अशी खिळ्याला अडकवली. सोबतचे म्हणाले, "घाण झाली तर?" झाली तर धुवायची, पाळीपाळीने. पहिली पाळी माझी. पण खरं सांगतो, खराटा उचलताना कुणी बघत तर नाही ना, म्हणून मी मागे वळून पाहिलं. अमानित्व अजून लांब आहे.

पांडुरंगा, हे हात आधी खराट्याला लागू देत, मग टाळाला.